व्यंगचित्रातील संप

विनोदाने सत्ता हादरते, असे आपण कौतुकाने म्हणतो. या समजुतीत तथ्य किती, हे पाहण्यास अमेरिकेतील ‘द सिम्प्सन्स’ ही दूरचित्रवाणीवरील व्यंगचित्रमालिका उपयोगी पडेल. मॅट ग्रोनिंग यांची ही मालिका १७ डिसेंबर १९८९ रोजी सुरू झाली. तिचा नायक होमर हा अणुवीज केंद्रातील सामान्य कामगार. मालक बर्न्स हा म्हातारा, कवडीचुंबक धनाढ्य.

जानेवारी १९९२ मध्ये राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांनी जाहीर भाषणात सांगितले की, अमेरिकन कुटुंबे सिम्प्सनांपेक्षा वॉल्टनांसारखी व्हावीत. वॉल्टन हे एका जुन्या मालिकेतील, १९३० नंतरच्या महामंदीत दिवस काढणारे सोशिक कुटुंब. तीन दिवसांत मालिकेने उत्तर दिले: आम्ही वॉल्टनांसारखेच आहोत, मंदी संपावी म्हणून आम्हीही प्रार्थना करतो! बेकारी वाढलेल्या त्या काळात हा टोला वर्मी बसणारा होता.

११ मार्च १९९३ च्या भागात तर प्रत्यक्ष संपच आहे. करारातील दातांच्या उपचाराची सवलत काढून घेऊन बर्न्स कामगारांपुढे बिअरचे पिंप ठेवतो. कामगार पिंपाकडे धावतात. पण मुलीच्या दातांना तारा बसवायच्या आहेत, हे होमरला आठवते आणि तो विरोधाला उभा राहतो. संप होतो, मालक गावाची वीज तोडतो, कामगार अंधारातही गात राहतात आणि अखेर सवलत परत मिळते. वाटाघाटींना बसलेल्या कोणाही कार्यकर्त्याला ते पिंप ओळखीचे वाटेल.

आता हे लिहिणाऱ्यांची स्थिती पाहा. नटनट्यांच्या मालिका लिहिणाऱ्यांना लेखक-संघाच्या कराराचे संरक्षण होते. सिम्प्सन्सच्या लेखकांना ते नव्हते. ते मिळाले १९९८ साली, लेखक एकजुटीने उभे राहिल्यावर. दुसरीकडे, फॉक्स वाहिनीचे तेव्हाचे धनी रूपर्ट मर्डोक १९९९ साली स्वतःच्या आवाजात मालिकेत आले आणि त्यांनी आपली ओळख ‘अब्जाधीश जुलमी’ अशी करून दिली. धन्याला अशी थट्टा परवडते. तिच्यातूनही नफाच होतो.

म्हणून उपहास व्यर्थ ठरत नाही. मालकही हास्यास्पद असू शकतो, हे कळले की त्याचा धाक कमी होतो, आणि धाक कमी झाल्यावाचून कोणी सभासद होत नाही. पण तेथून पुढची वाट संघटनेची आहे. होमरच्या सोबत्यांना सवलत संपाने मिळाली आणि त्याच्या लेखकांना करार एकजुटीने मिळाला, एवढे श्रोत्यांनी हसता हसता ध्यानात ठेवावे.