ट्रॉली जोडली की लायसन बदलतं का?

गळीत हंगामात रात्री कारखान्याच्या रस्त्यावर उभं राहिलं की पुढे एक ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या आणि त्यांत पंधरा-वीस टन ऊस, असं जाताना दिसतं. चालकाच्या खिशातलं लायसन बहुधा हलक्या वाहनाचं असतं. एवढं ओझं ओढायला ते चालतं का, हा प्रश्न सोपा वाटतो. तो सुटायला मात्र 2024 साल उजाडलं.

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 10 मध्ये लायसनचे वर्ग दिले आहेत. दुचाकी आहे, हलकं मोटार वाहन आहे, परिवहन वाहन आहे, रोडरोलरसुद्धा आहे, ट्रेलर नाही. ब्रिटनमध्ये मोटारीमागे जड ट्रेलर जोडायला अनेकांना वेगळी परीक्षा द्यावी लागे, ती डिसेंबर 2021 मध्ये रद्द झाली. आपल्याकडे असा वेगळा वर्ग नाहीच. आपला कायदा ओढणारं वाहन कोणतं एवढंच विचारतो.

आणि तो ते विचारतो जरा गमतीने. व्याख्येप्रमाणे ट्रॅक्टर हे स्वतःवर माल लादण्यासाठी बांधलेलं वाहन नव्हे. म्हणून त्याचं हलकेपण रिकाम्या वजनावर ठरतं आणि मर्यादा आहे 7500 किलो. शेतावरचा पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर दोन टनांच्या आसपास भरतो, म्हणजे तो आरामात हलका. मागच्या उसाचं वजन या व्याख्येत धरलेलंच नाही. रस्त्यावरचा धोका नेमका त्या वजनात असतो, हे इथे नोंदवून ठेवायला हवं.

खरा गुंता वजनाचा नव्हताच, वापराचा होता. केंद्रीय नियमांत कृषी ट्रॅक्टर हे बिगर-परिवहन वाहन आहे. पण त्याच ट्रॉलीतून दुसऱ्याच्या विटा भाड्याने नेल्या की ट्रॅक्टर-ट्रॉली मिळून मालवाहू वाहन होतं. जोडीला एकत्र मालवाहू धरण्याचा हा दृष्टिकोन सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये नटवर पारिख प्रकरणात घेतला. कलम 3 तर म्हणतं की परिवहन वाहन चालवायला लायसनवर तसा खास उल्लेख हवा. मग सकाळी घरचं सोयाबीन आणि दुपारी शेजाऱ्याच्या विटा नेणाऱ्या चालकाचं लायसन दुपारी बाद होतं काय? अपघातानंतर विमा कंपन्यांचे वकील हेच म्हणत.

नागशेट्टी प्रकरणात 2001 सालीच न्यायालयाने याला नकार दिला होता: ट्रॅक्टरचं वैध लायसन मागे ट्रेलर जोडल्याने निष्प्रभ होत नाही. तरी वाद मिटला नाही, कारण 1994 च्या दुरुस्तीने मध्यम व जड मालवाहू असे जुने वर्ग काढून एकच ‘परिवहन वाहन’ वर्ग आणला होता आणि त्याचा अर्थ जो तो आपल्या सोयीने लावत होता. 2017 च्या मुकुंद देवांगन निकालाने 7500 किलोपर्यंतच्या परिवहन वाहनाला हलक्या वाहनाचं लायसन पुरेसं ठरवलं. त्यावरही शंका निघाल्या, आणि 6 नोव्हेंबर 2024 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने रंभादेवी प्रकरणात तोच अर्थ कायम केला.

न्हावा-शेव्याच्या कंटेनरला मात्र ही सवलत लावू नये. त्याचा मागचा भाग कायद्याच्या भाषेत सेमी-ट्रेलर. त्याच्या वजनाचा काही भार पुढच्या वाहनावरच टेकलेला असतो. तिथे परिवहन वाहनाचंच लायसन लागतं.

लायसन नसेल तर चालकाला कलम 181 खाली 5000 रुपये दंड, आणि गाडी हाती देणाऱ्या मालकालाही कलम 180 खाली तितकाच. पण दंडाचं भय कोणाला फारसं नसतं. भय आहे ते 2004 च्या स्वर्णसिंह निकालानंतर रुळलेल्या वाटेचं: कंपनी जखमीला भरपाई देते आणि मालकाने जाणूनबुजून किंवा हयगयीने बिनलायसनवाल्याच्या हाती गाडी दिल्याचं सिद्ध झालं, तर ती रक्कम त्याच्याकडून वसूल करते. ट्रॅक्टर कर्जावर, बैलजोडी केव्हाच विकलेली; मग नोटीस शेतावर येते.

चालकाचं लायसन तपासून झालं की शेवटच्या ट्रॉलीच्या मागेही एकदा जावं. कलम 61 प्रमाणे ट्रॅक्टरचा नंबर तिथे हवा. बहुतेक वेळा तो लोंबणाऱ्या वाढ्यांखाली असतो, हाताने बाजूला सारून वाचावा लागतो.