एका युनिव्हर्सल रिमोटची सेटिंग दुसऱ्या मॉडेलमध्ये कशी घ्यायची?

टीव्हीचा एक रिमोट, सेट-टॉप बॉक्सचा दुसरा, होम थिएटरचा तिसरा. वैतागून आपण एक युनिव्हर्सल रिमोट आणतो आणि सगळं त्यात बसवतो. खरी अडचण पुढे येते. तो रिमोट झिजतो, तेच मॉडेल परत मिळत नाही, आणि दुसऱ्या मॉडेलमध्ये जुनी सेटिंग आपोआप जात नाही. मी राहतो कनेरगाव नाक्याला, हिंगोली-वाशिम रस्त्यावर. इथे दुकानात जो रिमोट मिळेल तोच घ्यावा लागतो, त्यामुळे हे काम मला बऱ्याचदा करावं लागलंय. सगळं एका जागी सांगतो.

रिमोट नेमकं काय पाठवतो?

रिमोटच्या पुढच्या छोट्या एलईडीतून डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश निघतो. तो सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा लुकलुकतो, म्हणजे ३८ किलोहर्ट्झ. सोनीच्या पद्धतीत हा आकडा ४० असतो, फिलिप्सच्या आरसी-५ मध्ये ३६.

एनईसी नावाच्या पद्धतीत आधी ९ मिलिसेकंदांची चमक, मग ४.५ मिलिसेकंदांचा विराम आणि त्यानंतर ३२ बिट येतात. या बिटांत दोनच गोष्टी असतात: कोणत्या उपकरणासाठी आणि कोणतं बटण. प्रत्येक गोष्ट एकदा सरळ आणि एकदा उलटी पाठवली जाते, म्हणजे चूक झाली तर टीव्हीला कळतं.

जुना कोड नव्या रिमोटवर का चालत नाही?

युनिव्हर्सल रिमोटमध्ये आपण तीन-चार आकडी कोड टाकतो. हा कोड म्हणजे सिग्नल नव्हे. तो त्या कंपनीने बनवलेल्या यादीतला अनुक्रमांक आहे. दुसऱ्या कंपनीची यादी वेगळी, म्हणून तोच आकडा तिथे भलत्याच टीव्हीचा निघतो. नव्या रिमोटचा कोड त्याच्यासोबत आलेल्या कागदावरच बघायचा.

पद्धत १: लर्निंग (बटण शिकवणं)

नव्या रिमोटमध्ये लर्निंगची सोय असेल तर कोड शोधायची गरजच नाही. ही कल्पना जुनी आहे. अ‍ॅपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझनिअ‍ॅक यांनी १९८७ मध्ये ‘कोअर’ नावाचा शिकणारा रिमोट बाजारात आणला होता. आज सेट-टॉप बॉक्सच्या अनेक रिमोटवर टीव्हीसाठी अशी चार-पाच बटणं असतात.

१. दोन्ही रिमोटमध्ये चांगले सेल घाला.
२. दोघांची तोंडं समोरासमोर, दोन ते पाच सेंटिमीटर अंतरावर ठेवा. ऊन किंवा सीएफएलचा उजेड थेट पडू देऊ नका.
३. नव्या रिमोटचं ‘सेट’ बटण लाइट स्थिर होईपर्यंत दाबून ठेवा.
४. नव्यावर जे बटण शिकवायचं ते एकदा दाबा, मग जुन्यावरचं तेच बटण दाबा. लाइट लुकलुकला की शिकलं.
५. सगळी बटणं झाली की परत ‘सेट’ दाबून बाहेर या.

मॉडेलप्रमाणे थोडा फरक पडतो, पण क्रम साधारण हाच.

पद्धत २: मोबाईलमधून शिकवा

जुना रिमोट पूर्ण बंद पडला असेल तर? अँड्रॉइड ४.४ पासून (२०१३) अ‍ॅपना फोनचा आयआर ब्लास्टर वापरता येतो. शाओमीच्या बऱ्याच फोनमध्ये तो आहे. अ‍ॅपमध्ये टीव्हीची कंपनी निवडा, एकेक पर्याय तपासत टीव्ही चालू-बंद होतोय का बघा. जुळला की तोच फोन ‘जुना रिमोट’ समजून वरच्या पाच स्टेप्स करा.

पद्धत ३: फाइलने

कॉम्प्युटरला जोडता येणाऱ्या रिमोटसाठी प्रॉन्टो हेक्स नावाची लिहिण्याची पद्धत आहे. ‘०००० ००६डी’ अशी सुरुवात दिसली तर तो साधारण ३८ किलोहर्ट्झचा शिकलेला सिग्नल समजा. दोन्ही रिमोटची सॉफ्टवेअर ही पद्धत ओळखत असतील तर कोड कॉपी-पेस्ट करून नेता येतो.

कुठे अडतं?

- एसी: एसीचा रिमोट प्रत्येक वेळी तापमान, मोड, पंखा असं सगळं एकत्र पाठवतो. ‘प्लस’ बटण शिकवलं तर एकच तापमान शिकतं. त्यापेक्षा ‘२४ कूल’ आणि ‘बंद’ अशी दोन बटणं शिकवा.
- आरसी-५: यात प्रत्येक दाबाला एक बिट बदलतो. शिकलेल्या बटणात तो गोठतो, म्हणून ११ नंबरसाठी दोनदा १ दाबलं तरी टीव्हीला एकदाच दाबल्यासारखं वाटू शकतं. इथे कोडची पद्धत बरी.
- ब्लूटूथ रिमोट: टीव्ही स्टिकचा ब्लूटूथ सिग्नल लर्निंगने शिकताच येत नाही.

सिग्नल निघतोय का?

फोनचा कॅमेरा उघडा, एलईडी समोर धरा आणि बटण दाबा. जांभळट उजेड दिसला तर रिमोट जिवंत आहे. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर सेल्फी कॅमेऱ्यात बघा.

हे काम पुढे ढकलू नका

लर्निंगला शिकवणारा लागतो. जुन्या रिमोटची दोन बटणं गेली की ती त्याच्याकडून कधीच घेता येत नाहीत. माझ्या आजीला कमी दिसतं, ती बटणं बोटांनी चाचपून ओळखते. दिवसभर घरात एकटी असते, टीव्ही हीच सोबत. तिच्यासाठी नवीन रिमोट घेतला तेव्हा जुना चालू असतानाच सगळं शिकवून घेतलं, आणि आवाजाच्या बटणावर नेलपॉलिशचा एक थेंब दिला. तुमच्याही घरात असं कोणी असेल तर रिमोट अडखळायला लागला की त्याच आठवड्यात हे करा.

चालणारा कोड आणि टीव्हीचा मॉडेल नंबर एका चिठ्ठीवर लिहून सेलच्या झाकणाच्या आत चिकटवा. पुढच्या वेळी रिमोट कोणत्याही मॉडेलचा असो, निम्मं काम झालेलं असेल.