वल्ह्यांनी महासागरलंघन

शीड किंवा एंजिन यांचे साहाय्य न घेता केवळ वल्ह्यांच्या बळावर लहान नौकेने महासागर ओलांडण्याचा साहसी उपक्रम. नद्या, खाड्या व किनाऱ्यालगतचा समुद्र यांत नाव वल्हवणे ही मानवाची फार जुनी विद्या होय. वल्ह्यांवर चालणाऱ्या युद्धनौका प्राचीन काळी भूमध्य समुद्रात वावरत होत्या. तथापि दूरच्या सागरप्रवासासाठी मानवाने वाऱ्यावरच भिस्त ठेवली. कारण वल्हवणाऱ्या माणसाला अन्न, गोडे पाणी व झोप लागते आणि लहान नावेत त्यांची तरतूद मर्यादितच करता येते. व्यापार, युद्ध वा मासेमारी यांपैकी कोणत्याही कारणास्तव महासागर वल्हवून ओलांडण्याची गरज कधी पडली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा उपक्रम सुरू झाला, तो निव्वळ आव्हान म्हणून. त्याचा इतिहास पाहता बाहुबल व चिकाटी यांच्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व दोन गोष्टींना असल्याचे दिसून येते : वारे व प्रवाह यांना अनुसरून केलेली मार्गाची निवड आणि नौका उलटल्यावर ती पुन्हा सरळ होण्याची शक्यता.

वारे व प्रवाह : भरलेली नौका वल्हवून शांत पाण्यात ताशी सु. ३ ते ५ किमी. एवढाच वेग साधतो. समोरून जोराचा वारा सुटला, तर हा वेग नाहीसा होऊन नौका मागे ढकलली जाते. अशा वेळी छत्रीसारखा सागरी नांगर पाण्यात सोडून वारा पडण्याची वाट पाहणे एवढाच उपाय उरतो. अटलांटिक महासागर ओलांडण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. कानेरी बेटांकडून वेस्ट इंडीजकडे जाणाऱ्या मार्गावर ईशान्य व्यापारी वारे व उत्तर विषुववृत्तीय प्रवाह हे दोन्ही अनुकूल असतात. हा मार्ग सु. ४,८०० किमी. लांबीचा असून तो सामान्यतः हिवाळ्यात, चक्रीवादळांचा काळ टाळून, आक्रमिला जातो. उत्तर अमेरिकेकडून यूरोपकडे येणाऱ्या मार्गावर गल्फ प्रवाह व पश्चिमी वारे यांची मदत होते. मात्र तेथील थंडी, धुके व वारंवार येणारी वादळे यांमुळे तो अधिक धोक्याचा ठरतो. पॅसिफिकमधील अंतरे याहून कितीतरी मोठी असून तेथे काही प्रवास जवळजवळ वर्षभर चालले आहेत.

पहिले लंघन : अटलांटिक वल्हवून ओलांडण्याचा पहिला मान जॉर्ज हार्बो व फ्रँक सॅम्युएलसन या मूळच्या नॉर्वेजियन, पण अमेरिकेत न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर शिंपले व कालवे काढण्याचा धंदा करणाऱ्या दोघांकडे जातो. त्यांची ‘फॉक्स’ ही लाकडी नौका सु. ५·५ मी. लांबीची व उघडी होती. तिच्या दोन्ही टोकांना जलाभेद्य कप्पे असून, उलटल्यास पकडीसाठी तळाला आडव्या पट्ट्या बसविलेल्या होत्या. ६ जून १८९६ रोजी त्यांनी न्यूयॉर्क सोडले. जुलैमध्ये एका मोठ्या लाटेने नौका उलटली. तळाच्या पट्ट्या धरून दोघांनी ती सरळ केली व पाणी उपसले, परंतु अन्नसामग्रीचा बराचसा भाग वाहून गेला. पुढे एका नॉर्वेजियन जहाजाने त्यांना अन्नपाणी पुरविले. १ ऑगस्ट रोजी, म्हणजे ५५ दिवसांनी, ते इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील सिली बेटांना लागले व तेथून फ्रान्समधील ल हाव्र बंदरापर्यंत वल्हवत गेले. या पराक्रमातून अपेक्षित अर्थप्राप्ती मात्र त्यांना झाली नाही व त्यांची नावे लवकरच विस्मृतीत गेली. त्यांनी न्यूयॉर्क ते सिली या मार्गावर नोंदविलेली वेळ २०१० मध्ये, ११४ वर्षांनंतर, प्रथमच मोडली गेली आणि तीही चार जणांच्या पथकाकडून.

१९६६ मधील दोन नौका : यानंतर सत्तर वर्षे असे यश कोणालाही मिळाले नाही. १९६६ मध्ये दोन ब्रिटिश जोड्या दोन आठवड्यांच्या अंतराने अमेरिकेच्या किनाऱ्यावरून निघाल्या. डेव्हिड जॉनस्टन व जॉन होअर यांनी २१ मे रोजी व्हर्जिनियाचा किनारा सोडला. त्यांची ‘पफिन’ ही नौका कॉलिन मूडी या नौकाशिल्पज्ञाने याच प्रवासाकरिता आखलेली होती. जॉन रिजवे व चे ब्लाइथ हे ब्रिटिश हवाई छत्रीदलातील अनुक्रमे कॅप्टन व सार्जंट. ते ‘इंग्लिश रोझ तृतीय’ या सु. ६ मी. लांबीच्या, मच्छीमारीत वापरल्या जाणाऱ्या ‘डोरी’ पद्धतीच्या साध्या नौकेतून ४ जून रोजी केप कॉडहून निघाले. अन्नसाठा कमी पडू लागल्यावर वाटेत एका तेलवाहू जहाजाकडून त्यांना मदत मिळाली. ३ सप्टेंबर १९६६ रोजी, ९२ व्या दिवशी, ते आयर्लंडच्या पश्चिमेकडील ॲरन बेटांवर सुखरूप पोहोचले. ‘पफिन’ १४ ऑक्टोबर रोजी कॅनडाच्या नौदलाच्या एका युद्धनौकेला उलटलेल्या अवस्थेत सापडली. नौकेत कोणीही नव्हते. तिच्यावरील रोजनिशी मात्र हाती लागली. तीतील शेवटची नोंद ३ सप्टेंबरची, म्हणजे दुसरी जोडी आयर्लंडला पोहोचली त्याच दिवसाची आहे. त्या सुमारास उत्तर अटलांटिकमधून गेलेल्या ‘फेथ’ या चक्रीवादळात ते दोघे बुडाले असावेत, असे मानतात. एकाच उन्हाळ्यातील, एकाच महासागरावरील या दोन प्रवासांचे परस्परविरुद्ध शेवट या साहसाचे खरे स्वरूप स्पष्ट करतात. साध्या नौकेतील जोडी तरली व खास आखलेल्या नौकेतील जोडी बुडाली, याचे कारण केवळ कौशल्यात शोधता येत नाही.

एकट्याचे प्रवास : १९६९ मध्ये दोघा ब्रिटिशांनी अटलांटिक प्रथमच एकट्याने ओलांडला. जॉन फेअरफॅक्स २० जानेवारी रोजी कानेरी बेटांवरून निघून १९ जुलै रोजी, १८० दिवसांनी, फ्लॉरिडाला पोहोचला. उफा फॉक्सने आखलेली त्याची ‘ब्रिटानिया’ ही नौका उलटल्यावर आपोआप सरळ होणारी होती. टॉम मॅक्लीन हा १७ मे रोजी न्यू फाउंडलंडहून निघाला व २७ जुलै रोजी आयर्लंडला लागला. पश्चिमेकडून पूर्वेकडे एकट्याने केलेला तो पहिला प्रवास. १९७१ मध्ये अँडर्स स्वेडलुंड याने पश्चिम ऑस्ट्रेलियाहून मादागास्करपर्यंत हिंदी महासागर एकट्याने पार केला. फेअरफॅक्स व सिल्व्हिया कुक यांनी २६ एप्रिल १९७१ रोजी सॅन फ्रॅन्सिस्को सोडून २२ एप्रिल १९७२ रोजी ऑस्ट्रेलियातील हेमन बेट गाठले. पॅसिफिकचे हे पहिले लंघन असून ते पूर्ण होण्यास ३६१ दिवस लागले. महासागर वल्हवून ओलांडणारी कुक ही पहिली स्त्री होय.

पीटर बर्ड या ब्रिटिश साहसवीराने १९८२-८३ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्कोहून ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफपर्यंत एकट्याने २९४ दिवस वल्हवले. प्रवाळभित्तीजवळ नौका धोक्यात आल्याने ऑस्ट्रेलियन नौदलाने त्याला उचलून घेतले. तथापि हे लंघन पूर्ण झाल्याचे मानले जाते. त्यानंतर रशियाच्या पूर्व किनाऱ्यावरून अमेरिकेकडे जाण्याचे प्रयत्न तो करीत राहिला. जून १९९६ मध्ये त्याच्या नौकेवरील संकटसूचक यंत्राचा संदेश मिळाला. मदतीस गेलेल्या जहाजाला मोडलेली नौका सापडली, बर्ड सापडला नाही. फ्रान्सच्या झेरार दाबोव्हिल याने १९९१ मध्ये जपानहून अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यापर्यंतचा उत्तर पॅसिफिकचा मार्ग १३४ दिवसांत पार केला. वाटेत त्याची नौका अनेकदा उलटली.

मार्गाचे महत्त्व टोरी मर्डन या अमेरिकन स्त्रीच्या दोन प्रयत्नांवरून विशेष स्पष्ट होते. १९९८ मध्ये तिने ‘अमेरिकन पर्ल’ या नौकेतून अमेरिकेहून यूरोपकडे प्रस्थान ठेवले. ‘डॅनियल’ या चक्रीवादळात नौका वारंवार उलटून ती जखमी झाली व अखेर तिला मदत मागावी लागली. सोडून दिलेली नौका पुढे परत मिळाली. १९९९ मध्ये त्याच नौकेतून तिने कानेरी बेटांवरून पश्चिमेकडे प्रवास केला व ८१ दिवसांनी, ३ डिसेंबर रोजी, ग्वादलूप बेट गाठले. अटलांटिक एकटीने वल्हवून ओलांडणारी ती पहिली स्त्री ठरली. नौका तीच आणि वल्हवणारीही तीच. बदलली ती दिशा व ऋतू.

नौका व दिनक्रम : आधुनिक नौका बहुधा ६ ते ९ मी. लांबीच्या असून त्यांच्या दोन्ही टोकांना हवाबंद खोल्या असतात. या खोल्यांतील हवा वरच्या बाजूस व पाण्याच्या टाक्या आणि सामान यांचे वजन तळाशी असल्याने पालथी झालेली नौका उलट स्थितीत स्थिर राहू शकत नाही. ती पुन्हा सरळ होते. खोल्यांची दारे बंद असणे हीच यातील मुख्य अट होय. मधल्या भागात सरकत्या बैठका असतात, त्यामुळे हातांबरोबर पायांचे बळही वल्ह्याला मिळते. सौर विजेवर चालणारे यंत्र समुद्राच्या पाण्यातील क्षार काढून गोडे पाणी देते. दोघांच्या नौकेत दोन तास वल्हवणे व दोन तास विश्रांती असा क्रम रात्रंदिवस पाळण्याची पद्धत रूढ आहे. खाऱ्या पाण्याने व सततच्या घर्षणाने बैठकीच्या जागी होणारे व्रण, हातांचे फोड, अपुरी झोप व वजनातील घट हे नेहमीचे त्रास होत. मोठ्या जहाजाची धडक हाही एक कायमचा धोका असतो.

शर्यती व भारतीय प्रयत्न : चे ब्लाइथने १९९७ मध्ये तेनेरीफ ते बार्बेडोस अशी पहिली अटलांटिक वल्हेशर्यत भरविली. तीत ३० नौका उतरल्या व न्यूझीलंडच्या रॉब हॅमिल व फिल स्टब्ज यांनी ती ४१ दिवसांत जिंकली. पुढे ला गोमेरा ते अँटिग्वा हा शर्यतीचा मार्ग रूढ झाला. २०१७-१८ मधील शर्यतीत चौघांच्या एका ब्रिटिश पथकाने हे अंतर ३० दिवसांच्या आत तोडले. भारतात १९६९ मध्ये पिनाकी चॅटर्जी व जॉर्ज ड्यूक यांनी कलकत्त्याहून अंदमानपर्यंत बंगालचा उपसागर वल्हवून पार केला. हे महासागराचे लंघन नव्हे. परंतु भारतीय सागरी साहसाच्या इतिहासात त्याला स्थान आहे. त्यांच्या नौकेला मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले होते. २००७ मध्ये भाविक गांधी यांनी अटलांटिक महासागर एकट्याने १०६ दिवसांत ओलांडला.

उपग्रहांद्वारे स्थाननिश्चिती, हवामानाचे दैनंदिन अंदाज व संकटसूचक यंत्रे यांमुळे या साहसाचे स्वरूप पालटले आहे. हार्बो व सॅम्युएलसन यांना वाटेत भेटणाऱ्या जहाजांखेरीज जगाशी संबंध उरला नव्हता. आजच्या नौकेचे स्थान किनाऱ्यावरील माणसांना सतत कळत असते. वाटेत कोणाकडूनही काही न घेता केलेल्या प्रवासांची आता वेगळी नोंद ठेवली जाते. या कसोटीने पाहिल्यास १८९६ व १९६६ मधील यशस्वी प्रवास साहाय्य घेतलेले ठरतात; पण त्या काळी मदत मिळणे बहुतांशी योगायोगावर अवलंबून होते, हेही ध्यानात घ्यावे लागते. नव्या साधनांनी धोका कमी झाला, नाहीसा झालेला नाही. जानेवारी २०२२ मध्ये झां-झाक साव्हँ हा पंचाहत्तर वर्षांचा फ्रेंच साहसवीर एकट्याने अटलांटिक ओलांडत असताना मृत्यू पावला. त्याच्या नौकेकडूनही संकटाचा संदेश आला होता. अझोर्स बेटांजवळ ती सापडली, तेव्हा ती उलटलेलीच होती.