न्याय आणि दया

आमच्या कर्जत-खालापूरकडे कोर्ट म्हणजे तारीख. लहानपणी अब्बांबरोबर लोकलनं बोरीबंदरला उतरलो, चालत मुंबईच्या हायकोर्टापाशी आलो. अब्बा म्हणाले, "वर बघ." माथ्यावर दोन मूर्ती होत्या. एक न्यायाची, दुसरी दयेची.

कर्नल जेम्स फुलर यांनी आखलेली ही गॉथिक शैलीची इमारत १८७८ साली पुरी झाली. काळा दगड, टोकदार कमानी, उंच मनोरे. पाहणारा आधी दबतोच.

इथंच जुलै १९०८मध्ये लोकमान्य टिळकांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली. आणि १९५६ साली मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी त्याच दालनात टिळकांच्या उद्गारांच्या शिळेचं अनावरण केलं.

मला मात्र जवळचा वाटतो तो आमच्याच, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातला खटला. मार्च १९२७मध्ये डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले. तळं आमचं, इथं अस्पृश्यांना मज्जाव ही जुनी वहिवाट, असा दावा काही सवर्णांनी महाडच्या कोर्टात लावला. खटला ठाण्याहून हायकोर्टात गेला. १७ मार्च १९३७ रोजी निकाल लागला. अशी वहिवाट अनादी काळापासूनची असल्याचं सिद्ध होत नाही, असं म्हणत कोर्टानं अपील फेटाळलं.

ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षं! आजही त्या रस्त्यानं जाताना मी वर बघतो. मूर्ती दोन्ही दगडाच्याच आहेत. न्याय काय, दया काय, खाली बसलेल्या माणसालाच करावी लागते.