दहा वर्षांचा करार : परदेशी शिकायला जावं की नाही?

आपल्या अभ्यासवर्गात हल्ली एक वाद वारंवार निघतो. एखाद्या पोराला परदेशातल्या विद्यापीठात एम.ए.ला, एम.एस्सी.ला प्रवेश मिळतो. लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, जा, बाबासाहेब गेले होते. दुसरा म्हणतो, चळवळ वाऱ्यावर सोडून कुठे चाललास? दोघेही बाबासाहेबांचंच नाव घेतात. पण बाबासाहेब नेमके कसे गेले, कुणाच्या पैशावर गेले, काय गहाण टाकून गेले, याचा हिशेब कुणी मांडत नाही. तो आधी मांडू.

1913 साल. भीमराव आंबेडकर बी.ए. होऊन जानेवारीत बडोदे संस्थानच्या नोकरीत दाखल झाले. थोडेच दिवस होतात तोवर वडील आजारी असल्याची बातमी आली. 2 फेब्रुवारी 1913 रोजी सुभेदार रामजी गेले. घरातला कर्ता माणूस गेला. रमाबाईंच्या मांडीवर दोन महिन्यांचा यशवंत. वय एकवीस. आपल्या वस्तीत अशा वेळी काय सांगतात? "नोकरी धर बाबा, घर बघ." हा सल्ला वाईट माणसं देत नाहीत, उपाशी माणसं देतात.

तेवढ्यात सयाजीराव महाराज काही विद्यार्थ्यांना अमेरिकेला पाठवणार असल्याचं कळलं. अर्ज केला, निवड झाली. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं. 4 जून 1913 रोजी करारावर सही झाली. अट अशी की, शिक्षण संपल्यावर दहा वर्षं बडोदे संस्थानची नोकरी करायची. ही अट नीट वाचा. स्कॉलरशिप ही खैरात नव्हती. तीन वर्षांच्या शिक्षणापोटी दहा वर्षांची चाकरी लिहून घेतली होती. बाबासाहेबांनी ती डोळे उघडे ठेवून मान्य केली, कारण दुसरा दरवाजा नव्हता. बापजाद्याची इस्टेट असणाऱ्याला विलायतेला जाताना कुणी करार लिहून मागत नाही.

जुलैत ते न्यूयॉर्कला पोचले. कोलंबिया विद्यापीठात तीन वर्षांत त्यांनी साठ अभ्यासक्रम घेतले. अर्थशास्त्राचे एकोणतीस, इतिहासाचे अकरा, समाजशास्त्राचे सहा, तत्त्वज्ञानाचे पाच, मानववंशशास्त्राचे चार, राज्यशास्त्राचे तीन, शिवाय फ्रेंच आणि जर्मन. डिग्रीचा कागद घेऊन परत यायचं असतं तर एवढी गरज नव्हती. 1915 साली एम.ए. झाले. प्रबंधाचा विषय प्राचीन भारतातला व्यापार. 9 मे 1916 रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात निबंध वाचला, तो भारतातल्या जातींच्या उगमावर. म्हणजे हा तरुण सातासमुद्रापलीकडे गेला, आणि तिथल्या ग्रंथालयात बसून आपल्या गावकुसाचंच कोडं सोडवत होता. इथे जात अंगावर येत होती. तिथे ती टेबलावर ठेवून कापता आली. परदेशाचा खरा उपयोग हा आहे.

1916 साली ते लंडनला गेले. ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातलं. स्कॉलरशिपची मुदत संपली. अभ्यास अर्धा टाकून 1917 साली परत यावं लागलं. करारानुसार बडोद्याला हजर झाले. पुढचं आपल्याला माहीत आहे, तरी परत वाचा. कोलंबियाच्या एम.ए.ला बडोद्यात राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेली माणसं दारात आली. एक हिंदू आणि एक ख्रिश्चन मित्र, दोघांनीही घरात घ्यायची टाळाटाळ केली. मुंबईच्या गाडीला अवकाश होता, तोवर ते कामाठी बागेत बसून राहिले.

मित्रांनो, परदेशी डिग्रीने जात धुतली जाते असं ज्याला वाटतं, त्याने त्या बागेत जरा बसून यावं. कचेरीतला शिपाई फाईल लांबून टाकत होता, साहेबाची डिग्री बघून त्याचा हात जवळ आला नाही. करार पाळायला माणूस तयार होता, संस्थानालाच तो माणूस ठेवून घेता आला नाही. तरीही शिक्षणाच्या पैशाचा तगादा मागे लागलाच.

आता सगळ्यात महत्त्वाचा निर्णय. तो 1913 चा नाही, 1920 चा आहे. नोव्हेंबर 1918 पासून बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर होते, पगार महिना साडेचारशे. 1919 साली साऊथबरो समितीपुढे साक्ष झाली होती. 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' निघाला. मार्चमध्ये माणगाव परिषद झाली, शाहू महाराजांनी 'तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला' अशा अर्थाचं भाषण केलं. चळवळ नुकतीच उभी राहत होती. आणि त्याच मार्चमध्ये बाबासाहेबांनी नोकरीचा राजीनामा दिला, जुलैत लंडनची बोट धरली. पगारातून पै पै वाचवलेली. शाहू महाराजांची मदत. नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजारांचं कर्ज.

त्या दिवशी आपण असतो तर काय म्हणालो असतो? "पुढारी पळाला," असंच ना? आणि नुकसान झालंच, ते लपवायचं कारण नाही. 'मूकनायक' दुसऱ्यांच्या हाती गेला आणि 1923 च्या सुमारास बंद पडला. मुंबईत रमाईने संसार कसा ओढला ते घरोघर सांगितलं जातं. पाच लेकरांपैकी चार गेली, एकटा यशवंत राहिला. त्या डिग्र्यांवर नाव बाबासाहेबांचं असलं तरी त्यांची किंमत दोघांनी भरली आहे. घरातल्या बाईला न विचारता परदेशाचा निर्णय घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

पण 1923 साली जो माणूस परत आला, तो एम.एस्सी., बॅरिस्टर, रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिलेला अर्थशास्त्रज्ञ होता. 1924 साली बहिष्कृत हितकारिणी सभा. 1925 साली चलनविषयक हिल्टन यंग कमिशनपुढे साक्ष. 1927 साली महाड. पाण्याच्या हक्काची केस कोर्टात लढायची तर वकील आपलाच लागतो. ते त्यांनी आधीच ओळखलं होतं.

पुढे व्हाइसरॉयच्या कौन्सिलात असताना त्यांनी 1942 साली सरकारला निवेदन दिलं आणि अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी, परदेशी शिक्षणासाठीही, पैसा मागितला. स्वतः ज्या वाटेने रक्ताळलेल्या पायांनी गेले, ती वाट पोरांसाठी सरकारी खर्चाने बांधून घ्यायची धडपड होती ही. चंद्रपूरचे राजाभाऊ खोब्रागडे लंडनहून बॅरिस्टर होऊन आले आणि पुढे राज्यसभेचे उपसभापती झाले. 1954-55 पासून केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती सुरू झाली. 2003 पासून महाराष्ट्रात राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना आहे.

पण करार लिहून घेणारे हात बदलले तरी अटी संपल्या नाहीत. 2022 साली केंद्राने नियम बदलला : भारताची संस्कृती, वारसा, इतिहास, भारतातलं समाजजीवन या विषयांवर परदेशात शिकायला ही शिष्यवृत्ती नाही. आता मागे जाऊन बाबासाहेबांचे विषय बघा. प्राचीन भारतातला व्यापार. भारतातल्या जाती. या नियमात भीमराव आंबेडकरांचा अर्ज बसला नसता! सयाजीरावांनी दहा वर्षांची चाकरी मागितली, पण जातीचा अभ्यास करू नकोस असं सांगितलं नाही. 2025 साली तर 106 जणांची निवड करून आधी 40 जणांनाच पत्रं दिली. बाकीच्या 66 जणांना सांगितलं, पैसा असेल तर बघू. तिकडे विद्यापीठ थांबत नसतं.

मग जावं की नाही? जावं. पण चार प्रश्न स्वतःला विचारून. पैसा कुणाचा आणि अट काय? शिकणार ते आपल्या कुठल्या प्रश्नाला लागणार? मागे घराचा भार कोण उचलणार, आणि त्याला हे मान्य आहे का? हातातलं काम कुणाच्या हाती सोपवलं? शेवटचा प्रश्न जाणाऱ्याला जितका आहे तितकाच मागे राहणाऱ्यांना आहे. 'मूकनायक' बंद पडला, कारण एक माणूस गेला की काम थांबेल इतके आपण तेव्हा थोडे होतो. आज तशी सबब नाही.

18 मार्च 1956 रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांबद्दलची व्यथा बोलून दाखवली. ती परदेशी गेलेल्यांपुरती नव्हती. तालुक्याच्या कचेरीत बसून वस्तीकडे पाठ फिरवणाराही त्यात आला. तेव्हा कोण किती लांब गेला हे मोजू नका. पत्र येतं का, पुस्तक येतं का, मागच्या पोराचा अर्ज भरायला तो मदत करतो का, ते बघा. आणि ज्याला प्रवेश मिळाला आहे त्याला टोमणे मारण्यापेक्षा त्याच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलात रांगेत उभे राहा. असं कुणी अडलं तर त्याच्यासाठी आवाज उठवणं हेही चळवळीचंच काम आहे.

जय भीम.