वाडा, थिएटर आणि चिंचेचं झाड

नववीत इतिहासाच्या बाईंनी 'आपल्या गावाचा इतिहास' असा प्रकल्प दिला होता. आपल्या तुकडीतल्या बऱ्याच जणांना तो आठवत असेल. मी मिरजेचा किल्ला, पटवर्धनांचं संस्थान, रेल्वे जंक्शन आणि मिशन हॉस्पिटल यांच्यावर चार पानं एका जुन्या पुस्तकातून जशीच्या तशी उतरवून दिली होती. बाईंनी दहापैकी सहा गुण दिले आणि खाली लाल शाईत लिहिलं, "तू गावातच राहतेस ना?" तेव्हा मला त्याचा राग आला होता. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, मग चार गुण कशाचे गेले?

स्नेहमेळाव्याच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप आला तेव्हा मला ती वही आठवली. मी सॉफ्टवेअरमधली, इतिहासकार नव्हे. पण शाळेत जाता-येता ज्या गल्लीतून आपण रोज गेलो, तिथल्या गाण्याचा इतिहास त्या चार पानांत एका ओळीनेही आला नव्हता, हे आता कळतं. म्हणून हा गृहपाठ तीस वर्षं उशिरा देते आहे.

सुरुवात सतारमेकर गल्लीपासूनच करायला हवी. आपल्या वर्गातल्या दोघांची घरं तिथे होती. दारातच भोपळे वाळत पडलेले असायचे आणि आपण त्यांना खुशाल टिचक्या मारायचो. हे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार आणि पाणी देणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंग्रजी अमलात हत्यारांची गरज संपत आली. त्याच सुमारास फरीदसाहेब या कारागिराने वाद्यं दुरुस्त करता करता तंबोरे आणि सतारी घडवायला सुरुवात केली. संस्थानिक गाण्याचे शौकीन होते, त्यांच्याकडे गवई येत, गवयांबरोबर वाद्यं येत, आणि प्रवासात वाद्यं मोडत. ही दुरुस्तीच पुढे धंदा झाली. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे भोपळे, तुणाचं लाकूड आणि पिढीजात हात एवढ्या भांडवलावर मिरजेचा तंबोरा देशभर गेला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सगळ्यांनी टाळ्या पाठवल्या होत्या.

त्या काळी गाणं ऐकायचं तर मुख्य जागा म्हणजे वाडा. सरकारांच्या वाड्यातली बैठक निमंत्रितांची. सरदार, मानकरी, शास्त्री, कारभारी आत बसत. गवयाला बिदागी आणि शेला मिळे. सामान्य माणसाला देवळातलं कीर्तन आणि भजन ऐकायला मिळायचं, पण ख्याल ऐकायचा तर वाड्याच्या भिंतीबाहेर उभं राहून.

याच काळात बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत होते. ग्वाल्हेरला जाऊन तिथली गायकी आत्मसात करून ती महाराष्ट्रात रुजवणारे ते हे बुवा. कुरुंदवाडचा एक मुलगा फटाक्याने डोळे अधू झाले म्हणून उपचारांसाठी मिरजेत आला, पुढे बुवांकडे गाणं शिकू लागला आणि इथेच मोठा झाला. तो मुलगा म्हणजे विष्णु दिगंबर पलुस्कर. मिरज सरकारांनी त्यांची सोय उत्तम ठेवली होती. त्यांच्या चरित्रांत एक प्रसंग सांगतात. गावातल्या एका समारंभाचं निमंत्रण विष्णु दिगंबरांना होतं, पण त्यांच्या गुरूंना नव्हतं. कारण विचारल्यावर, गवयांना कोण बोलावतं, अशा अर्थाचं उत्तर मिळालं. विष्णु दिगंबरांनाही बोलावलं होतं ते सरकारांच्या मर्जीतले म्हणून, गवई म्हणून नव्हे. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली.

शाळेत आपण त्यांचं नाव 'थोर संगीतप्रसारक' म्हणून पाठ केलं. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, हे रिकाम्या जागेत भरलं. पण ते मिरजेतून का गेले, हे कुणी विचारलं नाही. इथून निघून ते सौराष्ट्रात गेले आणि तिथे तिकीट लावून जाहीर गाणं केलं. कुणा एका धन्याने खूश होऊन बिदागी द्यावी, त्याऐवजी शंभर अनोळखी माणसांनी चार-चार आणे देऊन ऐकावं, ही कल्पना तेव्हा गवयांनाही चमत्कारिक वाटली असेल. मला त्यात अपमानाला दिलेलं उत्तर दिसतं. ज्याने तिकीट काढलं तो श्रोता, आणि त्याला गवयाची जात किंवा पायरी ठरवण्याचा अधिकार नाही.

तिकिटाची सवय मिरजेलाही लागली, पण ती मुख्यतः नाटकांमुळे. १८८० साली पुण्यात किर्लोस्करांचं शाकुंतल रंगभूमीवर आलं आणि गाणं ऐकण्यासाठी थिएटरात जाणारा एक नवा वर्ग तयार झाला. १८९१ साली कोल्हापूरचा फाटा सुरू झाला आणि मिरज जंक्शन झालं. पुणे, बेळगाव, धारवाड, कोल्हापूर कुठेही जायचं तरी गाडी मिरजेला थांबणार. नाटक मंडळ्या आणि गवई यांचा मुक्काम त्यामुळे आपल्या गावात वाढला. तरुण नारायण राजहंसांना शाहू महाराजांनी कानाच्या उपचारांसाठी मिरजेच्या दवाखान्यात पाठवलं होतं, आणि १९०५ साली मिरजेतच ते किर्लोस्कर मंडळीच्या शाकुंतलात शकुंतला म्हणून उभे राहिले. त्यांच्या नावाचं नाट्यगृह आज गावात आहे.

म्हणजे वाड्यात निमंत्रण लागे आणि थिएटरात पैसे. तिसरी जागा मात्र अशी निघाली की तिथे दोन्ही लागत नव्हतं. ती जागा मीरासाहेबांच्या दर्ग्याची.

उस्ताद अब्दुल करीम खाँ मूळचे उत्तरेतल्या कैरान्याचे. बडोद्याच्या दरबारात होते, तिथून बाहेर पडून मुंबईमार्गे या बाजूला आले. मिरजेत असं सांगतात की प्लेगच्या साथीच्या काळात खाँसाहेब इथे आजारी पडले, दर्ग्यात जाऊन गायले आणि बरे झाले. मी इंजिनिअर आहे, प्लेगवर काय चालतं ते मला माहीत आहे. पण गोष्टीचा पुढचा भाग खराच आहे. खाँसाहेब या दर्ग्याशी कायमचे बांधले गेले, आयुष्याची शेवटची वर्षं मिरजेत राहिले आणि दर्ग्यात हजेरी लावत राहिले. तिथे गाणं म्हणजे चाकरी. बिदागी नाही, निमंत्रण नाही, समोर जो बसेल तो श्रोता.

या दर्ग्याच्या उरुसात पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. आपल्याला त्यात विशेष काही वाटत नाही, इतकं ते नेहमीचं आहे. पण ज्या काळात वाड्यातल्या बैठकीत कोण कुठे बसणार हे जन्माने ठरत होतं, त्या काळाशेजारी हा मान ठेवून पाहिला म्हणजे खाँसाहेबांच्या गाण्यासमोर कोणकोण बसलं असेल याची कल्पना येते.

खाँसाहेबांची आणखी एक गोष्ट मला माझ्या पेशामुळे जवळची वाटते. शेजारच्या सांगलीत कृष्णाजी बल्लाळ देवल नावाचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर होते. त्यांनी आपल्या संगीतातल्या बावीस श्रुती मोजून त्यांची कंपनसंख्या मांडायचा ध्यास घेतला आणि १९१० साली त्यावर पुस्तक काढलं. त्यांच्या या कामात गळ्याने मदत केली ती खाँसाहेबांनी. एका बाजूला सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ मोजमाप घेऊन बसलेत आणि दुसऱ्या बाजूला उस्ताद पुन:पुन्हा तोच गंधार लावून दाखवताहेत, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. इंजिनिअरिंगला असताना मी स्वरांचे आलेख संगणकावर काढून फुशारकी मारली होती. ते काम आठ-दहा किलोमीटरवर, माझ्या जन्माच्या सत्तर वर्षं आधी झालं होतं.

२७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासकडून पाँडिचेरीला जाताना गाडीत खाँसाहेबांच्या छातीत दुखू लागलं. ते सिंगपेरुमल कोइल या लहानशा स्टेशनवर उतरले, तंबोरा जुळवायला सांगितला आणि फलाटावरच सुरांत प्रार्थना करता करता गेले. त्यांना मिरजेला आणून दर्ग्याच्या आवारात दफन केलं. पुढे त्यांच्या नावाने उरुसात संगीत सभा होऊ लागली. किराणा घराण्याच्या शिष्यपरिवाराने आणि मिरजकरांनी ती चालवली. कलावंत मानधन न घेता चिंचेच्या झाडाखाली बसून रात्ररात्र गातात आणि समोर सतरंजीवर भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत कुणीही बसतं.

इथे एका मुलीबद्दल सांगायला हवं. १९०५ साली मिरजेत खाँसाहेबांना आणि ताराबाई मानेंना एक मुलगी झाली. आईवडील पुढे वेगळे झाले, मुलं आईबरोबर गेली, त्यांची नावंही बदलली. ती मुलगी म्हणजे हिराबाई बडोदेकर. त्या काळी बाईने गाणं म्हणजे कुणाच्या तरी मर्जीसाठी, हावभावांसह, ही समजूत घट्ट होती. हिराबाईंनी पुरुष गवयांसारखं मांडी घालून, तंबोऱ्यांच्या मध्ये बसून, तिकीट लावलेल्या जाहीर मैफलींत नुसतं गाणं म्हटलं. असं करणाऱ्या पहिल्या स्त्रियांत त्यांचं नाव येतं. त्यांच्यामुळे समोरच्या बाकांवर घरंदाज बायकाही येऊन बसू लागल्या. गाणारी बाई प्रतिष्ठेने बसली, म्हणून ऐकणारीलाही बसता आलं.

पण सगळ्यांना नाही. आमचं घर दर्ग्याच्या मागच्या बाजूला, दोन गल्ल्या सोडून. उरुसाच्या रात्री आजी गच्चीवर चटई टाकायची आणि कर्ण्यावरून येणारं गाणं पहाटेपर्यंत ऐकायची. दर्ग्यात बायका बसत होत्याच, अडवणारं तिथे कुणी नव्हतं. अडवणूक आमच्या घरातली होती. "रात्रीचं बायकांनी कशाला जायचं?" एवढं आजोबा एकदा म्हणाले होते आणि ते गेल्यावरही ते वाक्य घरात राहिलं. आजीला राग ओळखता यायचे. नावं माहीत नव्हती, पण "हा कालच्यासारखाच, पण जरा दुखावलेला" असं काहीतरी ती बरोबर सांगायची.

आपण दहावीत होतो त्या वर्षी आईने कुणालाच न विचारता आजीला आणि मला दर्ग्यात नेलं. आम्ही अगदी पुढे जाऊन बसलो. गायिकेने तंबोरे जुळवून घेतले आणि पहिला षड्ज लावला. आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "एवढा मऊ असतोय व्हय गं आवाज? मी आपली जन्मभर कर्ण्याचंच गाणं ऐकली की." मला तेव्हा हसू आलं आणि मी ते दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत विनोद म्हणून सांगितलंसुद्धा. तुमच्यापैकी काही जणी हसल्याही होत्या. पुढच्या उरुसाला आजी नव्हती.

आता पुण्यात ऑफिसच्या बसमध्ये बसून मी कानात भारी हेडफोन घालते आणि हवं ते गाणं हव्या त्या क्षणी लावते. तिकीट नाही, निमंत्रण नाही, रात्री बाहेर जायला कुणाची परवानगी नाही. आणि तरी आजीसारखं सलग पहाटेपर्यंत मी एकदाही ऐकलेलं नाही.

सतारमेकर गल्लीतल्या आपल्या मित्राकडे मागच्या दिवाळीत गेले होते. तो जवारी काढत होता. तंबोऱ्याच्या घोडीवर तार कुठे नि किती टेकते, त्यावर तिच्यातून वरचे सूर किती फुलतात हे ठरतं. घोडीचा माथा कानसीने केसभर घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. यंत्राने नाही का होणार, असं मी विचारलं, कारण माझी नोकरीच तसले प्रश्न विचारायची आहे. तो म्हणाला, "घासायला यंत्र चालेल. थांबायचं कुठं, ते ऐकूनच कळतंय." मुलगा हे काम शिकेल का, यावर तो काही बोलला नाही. त्याने पुन्हा तार छेडली.

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशीचा सकाळचा वेळ कार्यक्रमपत्रिकेत मोकळा आहे. माझी सूचना अशी की आपण सगळ्यांनी त्याच्या कारखान्यात जावं, अर्धा तास गप्प बसून जवारी निघताना ऐकावी आणि मग दर्ग्यात जाऊन यावं. ज्यांच्या घरी आई, आजी, आत्या यांनी गच्चीवरून, खिडकीतून, माजघरातून गाणं ऐकलं असेल, त्यांनी ते लिहून आणावं. खाँसाहेबांचं आणि विष्णु दिगंबरांचं चरित्र लिहायला माणसं मिळाली. ऐकणाऱ्यांचं आपल्यालाच लिहावं लागेल.

आणि बाई, तुम्ही येणार आहात असं कळलं. होय, मी गावातच राहत होते. वही पुन्हा तपासाल का?