फुगवायची बोट घ्यायची? आधी पाणी बघा, मग किंमत : नर्मदा-तापीकाठच्या गावांसाठी उपयुक्त माहिती

नंदुरबार : सरदार सरोवर धरणाची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर. सप्टेंबर २०१९ मध्ये धरण पहिल्यांदा या पातळीपर्यंत भरलं. महाराष्ट्रात या धरणाचा फटका अक्कलकुवा आणि धडगाव (अक्राणी) तालुक्यांतल्या ३३ गावांना बसला. पाणी चढलं की इथल्या कित्येक पाड्यांना बाजार, रेशन, दवाखाना यासाठी बोट हाच रस्ता उरतो.

स्वतःच्या हातातली एक छोटी बोट काय करू शकते, हे चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांनी दाखवून दिलं आहे. २०२० मध्ये कोरोनाच्या भीतीनं लोक अंगणवाडीत येईनासे झाले. तेव्हा त्यांनी एका मच्छीमाराची होडी मागून घेतली आणि १८ किलोमीटर वल्हवत बालकं व गरोदर मातांपर्यंत आहार पोहोचवला. त्याच नर्मदेत, धडगाव तालुक्यातल्या भूषा इथं १५ जानेवारी २०१९ ला संक्रांतीच्या दिवशी भाविकांची बोट उलटली आणि लहान मुलांसह काही जणांचे जीव गेले. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती.

आता मोबाईलवर काही हजारांत मिळणाऱ्या, घडी करून पिशवीत मावणाऱ्या हवेच्या बोटी दिसतात. लाकडी किंवा फायबरच्या होडीपेक्षा स्वस्त, आणि खांद्यावर टाकून डोंगर उतरता येतो. पण ही बोट कुठे चालते आणि कुठे दगा देते, हे पैसे देण्याआधीच समजून घ्यायला हवं.

कोणत्या पाण्यात चालेल?

सारंगखेडा आणि प्रकाशा बॅरेजचं संथ पाणी, गावतळं, लघुप्रकल्पाचा तलाव, उकाईच्या फुगवट्याचा शांत काठ : अशा ठिकाणी काठाजवळ एक-दोन माणसांना मासेमारीसाठी चांगली बोट कामाची आहे.

नर्मदेच्या फुगवट्याची गोष्ट वेगळी. तिथं पाण्याखाली बुडालेली झाडं आणि खुंट उभे आहेत. पाणी उतरलं की काल दोन पुरुष खोल असलेला खुंट आज वीतभर खाली असतो. लाकडी होडीला तो खरचटतो, हवेच्या बोटीचा मात्र तळ फाडतो. शिवाय ही बोट हलकी आणि सपाट तळाची असते. वाऱ्याचा झोत आला की वल्ही मारूनही ती आडवी वाहत जाते. पात्र रुंद असेल तर मधोमध दमलेला माणूस आणि उलटा वारा, एवढं संकटाला पुरेसं आहे.

पुराच्या पाण्यात ही बोट मुळीच घालू नये. ऑगस्ट २०१८ मध्ये नवापुरात रंगावलीला आलेला पूर आठवा. डोंगरातून उतरणारं पाणी झाडं, पत्रे, तारा घेऊन येतं. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान रबरी बोटी वापरतात हे खरं, पण त्या जाड कापडाच्या, इंजिनाच्या असतात आणि जवानांचं प्रशिक्षण झालेलं असतं. फोटोत दोन्ही सारख्या दिसल्या तरी वस्तू वेगळ्या आहेत.

तापीवर आणखी एक खबरदारी. हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की पाणी सारंगखेडा, प्रकाशाकडे येतं आणि बॅरेजचे दरवाजेही उघडावे लागतात. इशारा आला की बोट बाहेर काढायची. एरवीही दरवाज्यांच्या आसपास, वरच्या किंवा खालच्या बाजूला, बोट न्यायची नाही.

बाजारात काय मिळतं?

ढोबळमानानं तीन प्रकार.

१. साध्या प्लॅस्टिकची बोट. सगळ्यात स्वस्त. आत कापड नसलेलं पातळ पीव्हीसी. ही मुळात पोहण्याच्या तलावात खेळायला केलेली असते. मासेमारीला किंवा नदी ओलांडायला घेऊ नये.

२. कापडी थर असलेली पीव्हीसी बोट. दोन पीव्हीसी थरांमध्ये पॉलिस्टरचं विणलेलं कापड असतं. जाडी साधारण ०.९ मिलिमीटर किंवा जास्त. किंमत पहिलीच्या अनेकपट, पण कामासाठी घ्यायची तर सुरुवात इथून होते.

३. हायपॅलॉन जातीच्या रबराची बोट. ऊन सोसण्यात सगळ्यात चांगली आणि सगळ्यात महाग. एकट्या माणसाला परवडणं अवघड. बचत गट किंवा मच्छीमार संस्थेनं मिळून विचार करावा अशी.

ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं टाकणारे बरेच आहेत. ट्यूबमध्ये हवेचा एकच कप्पा असतो. खिळा किंवा काटा लागला की बसायलाच काही उरत नाही. चांगली बोट ट्यूबपेक्षा सुरक्षित आहे ती याच कारणानं.

घेताना हात लावून काय तपासायचं?

- हवेचे कप्पे. किमान तीन स्वतंत्र कप्पे हवेत. दुकानातच एका कप्प्याची हवा सोडून बघा. बाकीचे टणक राहिले पाहिजेत.
- सांधे. उष्णतेनं जोडलेले सांधे उन्हात जास्त टिकतात. गोंदानं चिकटवलेल्या सांध्यांची कड नखानं उचलून बघा. सुटत असेल तर नको.
- तळ. फळ्यांचा किंवा जाड फुगवायचा तळ हवा. नुसत्या पातळ तळावर पाय रुततो आणि तोल जातो.
- वल्ह्यांच्या कड्या आणि बाहेरची दोरी. कडी ओढून बघा. बोटीभोवती धरायला दोरी नसेल तर पाण्यात पडलेला माणूस वर कसा येणार?
- सुटे भाग. व्हॉल्व्हचं झाकण, जोडाचं कापड आणि गोंद पुन्हा मिळेल का, हे विचारा.

ऑनलाइन मागवली तर घरी आल्याबरोबर फुगवून एक रात्र सावलीत ठेवा. सकाळी ती थोडी मऊ लागली तर घाबरू नका, गारव्यानं तसं होतं. पार बसली तर परत पाठवायची मुदत संपण्याआधी पाठवा.

'तीन माणसांची' म्हणजे किती माणसांची?

खोक्यावरचा माणसांचा आकडा सोडा, किलोचा आकडा वाचा. समजा लिहिलंय २०० किलो. एका माणसाचे ७५ धरले तर दोघांचे १५०. ओलं जाळं आणि मासळी २० किलो, पंप, दोरी, पाणी, डबा १० किलो. झाले १८०. म्हणजे खोक्यावर तीन माणसांचं चित्र असलं तरी कामाच्या दिवशी ती दोघांचीच बोट. वारा असेल तर त्याहूनही कमी भरायची. 'एकच फेरी आहे, बसू द्या' हे म्हणणं नाकारता आलं तरच बोट घ्यावी.

हवा भरताना

टायरवाल्याकडचा कॉम्प्रेसर वापरू नका. मोटारीच्या टायरमध्ये ३० पीएसआयच्या आसपास हवा असते. कापडी थराच्या बोटीच्या नळ्यांना साधारण ३ पीएसआय पुरते, साध्या प्लॅस्टिकच्या बोटीला त्याहून कितीतरी कमी. कॉम्प्रेसरनं सांधा क्षणात उसवतो. पायानं किंवा हातानं चालवायचा पंपच बरा. बोटीवर दिलेला दाब पाळा.

उन्हाचंही गणित आहे. सकाळी २५ अंशांत टणक भरलेली बोट दुपारी काठावर तापून ५० अंशांवर गेली, तर आतला दाब तिसऱ्या हिश्श्यानं किंवा त्याहून जास्त वाढू शकतो. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये हे रोज घडेल. म्हणून बोट बाहेर काढली की थोडी हवा सोडायची आणि सावलीत ठेवायची. पुन्हा पाण्यात घालताना भरून घ्यायची.

पंक्चर आणि निगा

सायकलचं सोल्युशन रबरासाठी असतं, पीव्हीसीवर ते धरत नाही. पीव्हीसीचाच गोंद आणि तुकडा लागतो. साबणाच्या फेसानं भोक शोधा, जागा पुसून कोरडी करा, हलकी घासा, गोंद लावून दाबा आणि २४ तास हवा भरू नका. शिंगाळ्याचा काटा, गळ, कोयता उघडे ठेवू नका. मासळी डब्यात किंवा जाड गोणपाटात ठेवा. काम झालं की बोट धुऊन, पूर्ण वाळवून ठेवा. घडीतल्या बोटीचा खरा शत्रू उंदीर आहे. पत्र्याच्या पेटीत किंवा झाकणाच्या पिंपात ठेवली तर वाचेल.

जॅकेट आधी, बोट नंतर

बोटीत जितकी माणसं तितकी जॅकेटं, आणि ती अंगात घातलेली. बुडाखाली घेऊन बसलेलं जॅकेट कुणाला वाचवत नाही. पोहायला शिकवतात ती हलकी बंडी वेगळी. जॅकेटवर १०० न्यूटन तरंगक्षमता लिहिलेली असावी. लहान मुलांना त्यांच्या वजनाचं आणि पायांमधून पट्टा असलेलं हवं, नाहीतर मूल खाली सरकतं आणि जॅकेट वर राहतं. बजेट लावताना बोट, जॅकेटं, पंप, जोडाचं सामान, २० मीटर दोरी आणि शिट्टी, सगळं एकत्र धरा. पैसे कमी पडत असतील तर थांबा. जॅकेट वगळून बोट घेऊ नका.

इंजिन आणि परवानगी

इंजिनाच्या बोटींना अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ लागू होतो. त्यात तपासणी आणि नोंदणीची तरतूद आहे. राज्यात हे काम महाराष्ट्र मेरीटाईम बोर्ड बघतं. पैसे घेऊन माणसं नेण्याचा विचार हवेच्या स्वस्त बोटीवर करूच नये. तलावात मासेमारीचा ठेका बहुतेक वेळा सहकारी संस्थेकडे असतो, त्यामुळे बोट घेण्याआधी संस्थेत आणि जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारून घ्या.

थोडक्यात

संथ पाणी, काठाजवळचं काम, एक-दोन माणसं आणि अंगात जॅकेट : एवढं जमत असेल तर कापडी थराची, तीन कप्प्यांची बोट घ्यायला हरकत नाही. पण फुगवट्यातून पलीकडच्या पाड्यावर जाणं, बाळंतपणाची बाई नेणं, शाळेची पोरं नेणं, हे काम हवेच्या बोटीचं नाही. त्यासाठी पक्की बोट आणि वेळेवर येणारी सरकारी सेवाच हवी. तिची मागणी ग्रामसभेत लावून धरा. घरी पिशवीत बोट आली म्हणून ती सोडू नका.

अडचणीच्या वेळी : आपत्कालीन मदत ११२, रुग्णवाहिका १०८, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७.